पहिल्या हाकेला ओ

रविवार म्हणजे एरंडेलाचा दिवस. अंबू तो चुकवायला आजीच्या खाटेखाली शिरली होती, म्हणून तिला ते भांडण ऐकायला मिळालं. खाटेखालून दिसत होते नुसते पाय. एक जोडी आजीची, सकवारबाईंची, भेगाळलेल्या टाचांची. दुसरी रघुजीकाकांची. काकांच्या बायकोचं, म्हणजे धाकट्या काकूचं, तेरावं होऊन पाहुणे आदल्याच दिवशी गेले होते, आणि कॉटनपेटेतल्या त्या घरात इतक्या दिवसांनी पहिल्यांदा शांतता झाली होती.

“एकदा हाक मारली तिनं,” काका म्हणाले. “तुम्ही ऐकलीत.”

“ऐकली.”

“मग?”

“मग काय. दुसरी आली असती तर उठले असते. आपल्यात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. तुला काय नवीन सांगायचं? तुला तरी लहानपणी कधी दिली?”

“न्हाणीच्या दारात पडली होती ती. भरल्या घरात. माणूस होतं ते, आई.”

“माणूस होतं हे आत्ता कळलं. दिवेलागणीला कसं कळणार? ते काय कोल्ह्याच्या आवाजात बोलावतंय? आपल्या माणसाच्या आवाजातच बोलावतंय. ओ दिली असती तर तिच्या जागी मी गेले असते.”

“मग जायचं होतं,” काका म्हणाले.

अंबूने श्वास धरून ठेवला. चारही पाय जागच्या जागी होते. मग आजीचे पाय वळले आणि चुलीकडे गेले. त्या रात्री आजीने काकांच्या भातावर तूप जास्त वाढलं, काकांनी ते खाल्लं, आणि त्या घरात हा विषय पुन्हा कुणी काढला नाही. धाकटी काकू सव्वा महिन्याची बाळंतीण होती, अंगाने चांगली, दुपारपर्यंत गाणी म्हणत कपडे धूत होती. लोक म्हणाले, बाळंतवारं लागलं. पोर चुलतीच्या दुधावर वाढलं.

अंबूने मात्र खाटेखालून एक गोष्ट उचलली ती जन्मभर पदराला बांधून ठेवली. पहिली हाक कुणाची असते ते सांगता येत नाही. ती माणसाची असेल तर दुसरी येते. माणसाची नसेल तर ते एकदाच बोलावतं, आणि जो ओ देतो त्याला घेऊन जातं. हे खोटं असू शकेल असं तिला कधी वाटलं नाही. चूल तापते, पाणी उतरतं, पहिल्या हाकेला ओ देऊ नये. तिन्ही एकाच पंगतीतल्या गोष्टी.

चौथीनंतर शाळा सुटली. सतराव्या वर्षी लग्न होऊन अंबूची अंबुबाई झाली आणि ती राजाजीनगरात जयसिंगरावांच्या घरी आली. जयसिंगराव शहरबसमध्ये कंडक्टर. दिवसभर लोकांना ओरडून सांगून घसा बसलेला, आणि घरी आलं की बायकोला दोनदा हाक मारावी लागायची. पहिल्या महिन्यात त्यांना वाटलं, बायको बहिरी दिली. दुसऱ्या महिन्यात वाटलं, गर्विष्ठ आहे. तिसऱ्या महिन्यात खरं कारण कळलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला.

“म्हणजे मी भूत होय?”

“पहिल्यांदा कोण जाणे,” अंबुबाई म्हणाली. “दुसऱ्यांदा तुम्ही.”

मग ते स्वतःच दारातून ओळीने दोन हाका मारायला लागले, बसची घंटा मारावी तशा. घरात ब्लाउज शिवून घ्यायला येणाऱ्या बायकांनाही सवय झाली. पोस्टमन, दूधवाला, गॅसचा माणूस, सगळे दोनदा. पुढे फोन आला तरी नियम तोच. पहिल्यांदा वाजून वाजून बंद पडू द्यायचा, काम असेल तर पुन्हा करतील. बँकेतून बोलतोय म्हणणारे चोर एकदाच फोन करतात, त्यामुळे अंबुबाईला आयुष्यात कुणी फसवू शकलं नाही.

मध्यंतरी एका वर्षी शहरात आवई उठली, की एक बाई घराघरांत ओळखीच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडलं की माणूस दगावतं. गल्लीतल्या कन्नड लोकांनी दारांवर खडूने ‘नाळे बा’ लिहिलं, म्हणजे उद्या ये. ती बिचारी रोज येणार, वाचणार, परत जाणार. जयसिंगराव खडू घेऊन उभे राहिले. “आपल्याही दारावर लिहू काय गं?”

“कशाला? उद्या ये म्हणणं म्हणजे ओ देणंच की. आपण गप्प बसायचं.”

जयसिंगराव गेले ते चांगले पिकून, झोपेत, कुणी न बोलावता. त्यानंतर वरच्या मजल्यावर अंबुबाई, तिचं शिवणाचं मशीन आणि दोनदा वाजणारा फोन. मुलगा अभिराज सर्जापूर रोडला अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. सून सुखदा पुण्याची, मारतहळ्ळीच्या पलीकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्या फ्लॅटमध्ये अंबुबाई दोन दिवस राहून आली आणि शेजारणीला म्हणाली, “तिथं हाकेचं भयच नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत मेसेज पाठवतात.”

सुखदाला दिवस गेले तेव्हा दोघं राजाजीनगरला आली. मुलगी झाली, हर्षिता नाव ठेवलं. सुखदाची आई बाळंतपण करून पुण्याला परत गेली आणि सासूसुनेचं राज्य सुरू झालं. सुखदा तेहतीस वर्षांची, शेवग्याच्या शेंगेसारखी सडसडीत. बाळ पोटात असेपर्यंत सकाळी पळायला जायची. तेल मोजून खायची, साखरेला शिवायची नाही. अंबुबाई डिंकाचे लाडू वळायची आणि सुखदा ते अभिराजला द्यायची.

“आई, यात किती कॅलरीज असतील माहितीये?”

“मला काय ठाऊक. मी त्यात तूप घातलंय, ते नाही घातलं.”

“मी एकदा हाक मारली की येत का नाही तुम्ही? मला वाटतं तुम्हाला राग आलाय.”

“स्वल्प थांबून दुसरी मारायची. आमच्यात तसंच असतंय.”

सुखदा मान हलवायची आणि दुसरी हाक मारायची. तिला वाटायचं, जुन्या माणसांचे नखरे. अंबुबाईने कारण सांगितलं नाही. बाळंतिणीला असलं काही सांगत नाहीत.

बाळ दोन महिन्यांचं झालं असेल. एका संध्याकाळी आभाळ आलं होतं पण पडत नव्हतं. खालचे भाडेकरू गावाला गेलेले, अभिराज ऑफिसात. बाळ झोळीत झोपलं होतं. सुखदा गच्चीवर गेली होती, धुतलेली गोधडी काढायला. पाणी प्यालेली गोधडी म्हणजे म्हशीचं पारडू, तिला हात लावू नको म्हणून अंबुबाईने बजावलं होतं. पण रात्र रात्र जागून सुखदा हट्टी झाली होती. अंबुबाई मशीनवर बसून एका ब्लाउजला अस्तर लावत होती.

“आई.”

एकदाच. ओरडून नाही. कुणी जवळ बसून म्हणावं तसं.

अंबुबाईने मशीन थांबवलं. दोरा दातात होता तो तसाच राहिला. ती दुसऱ्या हाकेची वाट बघत बसली, साठ वर्षं बसत आली होती तशी. गल्लीत कुठे कुकरची शिट्टी झाली. झोळीची दोरी आढ्याला कुरकुरली, आणि बाळ तर निजलेलं होतं, झोळी हलत नव्हती. दुसरी हाक आली नाही.

दिवेलागणीची वेळ होती. तिला एकाएकी खाटेखालचा धुळीचा वास आला, आणि समोर त्या भेगाळलेल्या टाचा दिसल्या, चुलीकडे वळणाऱ्या. ती उठली. ओ मात्र दिली नाही. तोंड घट्ट मिटून, पदर आवळून, एक एक पायरी चढत ती गच्चीवर गेली.

सुखदा पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. गोधडी अर्धी दोरीवर, अर्धी जमिनीवर. तिचा चेहरा ओल्या पिठासारखा झाला होता आणि कपाळावरून घाम गळत होता. डावा हात तिने मांडीवर धरून ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

“छातीवर कुणी बसलंय,” ती म्हणाली. “जबडा दुखतोय. आई, इतका वेळ का लावलात?”

“तू दुसरी हाक मारली नाहीस.”

“कशाला मारू? तुम्ही ओ दिलीत ना.”

अंबुबाईचा हात तिच्या कपाळावर होता तो तिथेच थांबला. “मी नाही दिली.”

“दिलीत. ‘ओ, आले’ म्हणालात. जिन्यातून. म्हणून तर मी गप्प बसले.”

जिन्यात कुणी नव्हतं. खालच्या दाराला कुलूप होतं. अंबुबाईने जिन्याकडे पाहिलं नाही, पाहायचं नाही असं ठरवूनच तिने अभिराजला फोन लावला, आणि शेजारच्या संध्याला हाक मारली. बाळाला संध्याच्या कडेवर दिलं, तिच्याच नवऱ्याच्या गाडीतून सुखदाला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली. पट्टी बरी होती. तोवर अभिराज धापा टाकत पोचला. डॉक्टर म्हणाले, “एवढ्या वयात हार्टचं काही नसतं. शुगर नाही, बीपी नाही, वजन नाही. दूध पाजताय, झोप नाही, टेन्शन आहे, गॅस झालाय. हे सिरप घ्या, झोपा.” अभिराजचा जीव भांड्यात पडला. सुखदाचं दुखणंही स्वल्प उतरलं होतं आणि ती नुसती भिंतीकडे बघत होती.

अंबुबाई दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

“हिला मोठ्या दवाखान्यात नेऊया.”

“अम्मा, डॉक्टर सांगतायत ना, गॅस आहे.”

“सांगू दे. आमच्या धाकट्या काकूलाही वारंच होतं.”

“कोण काकू?”

“तुझ्या जन्माआधी मेली. तू गाडी काढ. वाटेत भांडूया.”

वाटेत कुणी भांडलं नाही. मोठ्या दवाखान्यात रक्त घेतलं, काही वेळाने पुन्हा घेतलं, आणि मग माणसं घाईने चालायला लागली. रक्तात दिसलं की हृदयाला मार बसलाय. मनगटातून बारीक तार घालून त्यांनी आतल्या नळ्यांचं चित्र काढलं. नंतर एक डॉक्टरीणबाई बाहेर आली. लहान चणीची, डोळे झोपेने लाल. ती अंबुबाईशी कन्नडात बोलली, सावकाश, जवळ बसून.

“अम्मा, तुमच्या सुनेला हार्ट अटॅक येऊन गेला.”

“तेहतीस वर्षांची आहे ती,” अभिराज म्हणाला. “रोज पळायची.”

“असल्यांनाच येतो हा. हा चरबीचा नाही, तुंबल्याचा नाही. हृदयाला रक्त नेणारी जी नळी असते, तिला आतून अस्तर असतं. ते अस्तर कधी कधी आपणहून फाटतं. मग कापड आणि अस्तर यांच्यामध्ये रक्त शिरतं, तिथं फुगवटा धरतो आणि मधली वाट दबते. तरुण बायकांना होतो, बाळंतपणानंतर जास्त. का होतो ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. फार जड उचललं, फार मोठा धक्का बसला, कधी काहीच नाही.”

अंबुबाईने जन्मभर अस्तरं लावली होती. तिने विचारलं, “म्हणजे वरून शिवण सरळच दिसणार?”

“सरळच. म्हणून पुष्कळदा कळत नाही.”

“मग आता टाका घालणार?”

“शक्यतो नाही. सुई लावली तर आणखी उसवायची भीती. बहुतेक वेळा ते आपलं आपण चिकटतं. औषध, विश्रांती, आणि नजर ठेवायची. पण एक ऐका. हे पुन्हा होऊ शकतं. सगळ्यांना होत नाही, पण होऊ शकतं. छातीत कळ आली की गॅस म्हणून बसून राहायचं नाही. तिनं बोलावलं की लगेच जायचं.”

 मग अंबुबाईने धाकट्या काकूचं सांगितलं, न्हाणीचं दार, सव्वा महिना, गाणी. डॉक्टरीणबाईने पुरतं ऐकून घेतलं.

“असेल, नसेल. आता सांगता येणार नाही, अम्मा. तेव्हा हे बघायची सोयच नव्हती.”

सुखदा दवाखान्यात होती तेवढे दिवस अंबुबाई घरी बाळाला बाटलीने दूध पाजत बसायची आणि विचार करायची. धाकट्या काकूनेही एकदाच हाक मारली होती. दुसरी का मारली नाही? आजवर तिला वाटायचं, मारता आली नाही. आता वाटायला लागलं, कदाचित तिलाही ओ ऐकू आली असेल. ‘ओ, आले.’ मग ती बिचारी न्हाणीच्या दारात वाट बघत बसली असेल, सासू येईल म्हणून. घरच्या माणसाने ओ दिली नाही की ती जागा रिकामी राहते. आणि रिकाम्या जागेत कोण येऊन बसेल याचा भरवसा नाही. साठ वर्षं ती तोंड मिटून बसली होती ती हे बाहेर ठेवायला, आणि ते तर जिन्यात उभं होतं.

सुखदा घरी आली ती हळू चालत. मुख्य भय तिला मरणाचं नव्हतं, हाकेचं होतं. अभिराजने हाताला बांधायचं घड्याळ आणलं, बटण दाबलं की त्याच्या फोनवर वाजणारं. पण तो शहराच्या त्या टोकाला, आणि मध्ये सगळ्या शहराची गर्दी.

“आई,” सुखदा रात्रीचं जेवण होता होता म्हणाली, “माझी हाक त्या दिवशी एकच निघाली. दुसरी निघालीच नसती. पुढच्या वेळी तुम्ही दुसरीची वाट बघत बसलात तर?”

अंबुबाईने ताटातला भात एका बाजूला केला, मग दुसऱ्या बाजूला केला.

“देईन ओ,” ती म्हणाली.

“पहिलीला?”

“पहिलीला.”

सुखदाने मान हलवली आणि पाणी प्याली. तिला काय ठाऊक, समोरच्या म्हातारीने काय देऊ केलं ते.

पहिल्यांदा ओ दिली तो प्रसंग मोठा नव्हता. सुखदाला न्हाणीत टॉवेल हवा होता. “आई,” हाक आली आणि अंबुबाईने देव्हाऱ्याकडे एकदा बघून डोळे मिटले आणि “ओ” म्हणाली. घशातून कावळ्यासारखा आवाज निघाला. तिने थोडं थांबून पाहिलं. काही झालं नाही. टॉवेल नेऊन दिला. त्या दिवसात सुखदाने आणखी किती वेळा बोलावलं देव जाणे. चष्मा दिसत नाही, बाळाने लाळेरं भिजवलं, कुकर किती शिट्ट्या. दर वेळी अंबुबाई जिवावर पाणी सोडून ओ द्यायची. संध्याकाळी ती संध्याला म्हणाली, “सकाळपासून दहादा मेले बघ. अजून भाजी व्हायचीय.”

संध्या हसली, पण तिने ते सुखदाला सांगितलं, आणि मग सुखदाने अभिराजकडून बाकीचं काढून घेतलं. दुपारी ती मशीनजवळ येऊन बसली.

“आई, तुम्हाला खरंच असं वाटतं? ओ दिली की आपण जातो?”

“वाटायचं काय त्यात. विस्तवाला हात लावला की भाजतं असं वाटतं काय तुला?”

“मग देता कशाला?”

“तू बोलावतेस म्हणून.” अंबुबाईने सुईत दोरा ओवायचा म्हणून सुई उजेडाकडे धरली. “आणि आता बोलावू नकोस उगाच. टॉवेल स्वतः नेत जा. माझेही काही मोजकेच जीव असतील.”

सुखदा हसायला लागली, मग रडायला लागली, मग छातीवर हात ठेवून स्वतःच गप्प झाली, रडणंही बेतानं करायचं म्हणून. त्या दिवसापासून ती टॉवेल स्वतः न्यायला लागली.

सहा-सात महिने गेले. पुन्हा चित्र काढलं तेव्हा नळी चांगली दिसली, अस्तर चिकटलेलं. डॉक्टरीणबाईने हळूहळू कामावर जायला परवानगी दिली. सुखदा आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जायला लागली. बाळ रांगायला लागलं होतं.

असाच तिच्या ऑफिसचा दिवस. दिवेलागण झाली होती. अंबुबाई बाळाला पेज भरवत होती. आभाळ मोकळं होतं, वारा अजिबात नव्हता.

“आई.”

गच्चीवरून. सुखदाचा आवाज. एकदाच, जवळ बसून म्हणावं तसा.

बाळाने मान वर केली आणि जिन्याकडे बघून हसलं.

सुखदा घरात नव्हती. हे अंबुबाईला पक्कं ठाऊक होतं, सकाळी तिनेच तिला दारापर्यंत पोचवलं होतं.  चमचा बाळाच्या तोंडापाशी थांबलेला. गप्प बसायचं, बास. साठ वर्षं जे केलं तेच. ही हाक माणसाची नाही, हे इतकं स्वच्छ आजवर कधीच कळलं नव्हतं.

पण आपण गप्प बसलो तर ती जागा रिकामी राहते. मग जिन्यातून दुसरं कुणी ‘ओ, आले’ म्हणेल. आणि सुखदा जिथे कुठे असेल तिथे, मारतहळ्ळीला, गाडीत, लिफ्टमध्ये, ते ऐकून वाट बघत बसेल.

तिने चमचा वाटीत ठेवला. बाळाला झोळीत घातलं.

“ओ,” ती म्हणाली. या वेळी आवाज साफ निघाला. “आले गं, आले.”

ती गच्चीवर गेली. दोरीवर बाळाची लंगोटं होती, एकही हलत नव्हतं. टाकीजवळ कुणी नव्हतं. पण टाकीच्या बाजूची फरशी, माणूस टेकून बसतं तेवढी, ऊबदार होती. दिवसभराच्या उन्हाची असेल म्हणा. बाकीची गार झाली होती. अंबुबाई तिथे जरा बसली, कुणी वाट बघत असेल तर ती संपावी म्हणून. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठली, खाली आली आणि तिने सुखदाला फोन लावला.

“आई, मी आत्ताच तुम्हाला करणार होते,” सुखदा म्हणाली. मागे हॉर्न वाजत होते. “रिंग रोडवर आहे. मगाशी छातीत आलं. तसंच, त्या दिवशीसारखं. तुम्हाला हाक मारावीशी वाटली, पण गाडीत हाक मारून काय उपयोग? आणि मग गेलं. एकदम. कुणी हात काढून घ्यावा तसं.”

“दवाखान्यात जा.”

“तिकडेच चाललेय. अभिराजलाही तिथे बोलावलंय. तुम्ही काळजी करू नका.”

रात्रभर ठेवून घेतलं. रक्त दोनदा तपासलं, पट्टी काढली, सगळं स्वच्छ. डॉक्टरीणबाई म्हणाली, असं अधूनमधून दुखतं पुष्कळांना, आलात ते बरं केलंत. सकाळी सुखदा घरी येऊन जिना चढली तेव्हा अंबुबाई दारात ताक घेऊन उभी होती.

“आई, काल तुम्ही फोन कशाला केलात?”

“सहज.”

“तुम्ही सहज फोन करत नाही. तुम्ही तर पहिला उचलतही नाही.”

“बाळ रडत होतं.”

सुखदाने बाळाकडे पाहिलं. बाळाला दिवेलागणीला रडायची सवयच नव्हती. ती ताक प्याली, आणि जाता जाता सासूच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

त्या आठवड्यात अंबुबाईने लोकांचे शिवायला आलेले ब्लाउज संपवून घरोघरी पोचवले. दोन राहिले ते कोपऱ्यावरच्या शिंप्याला नेऊन दिले, आता दिसत नाही म्हणाली. सुईत दोरा मात्र एका झटक्यात ओवत होती. तिचा चेहरा कधी नव्हे तो मोकळा दिसत होता. अभिराजला वाटलं, सुनेची काळजी मिटली म्हणून. ते खरंच होतं. रात्री ती गाढ झोपायची. पहिल्यांदा वाजलेला फोनही उचलायची, आणि क्रेडिट कार्ड हवंय काय विचारणाऱ्या माणसाशी तिने दहा मिनिटं त्याच्या गावाच्या गप्पा मारल्या.

शुक्रवारी दुपारी जेवून ती आडवी झाली ती उठली नाही. सत्तरी उलटली होती, डॉक्टर म्हणाले, वय झालं, त्रास झाला नाही. घरात त्या वेळी कुणी हाक मारली नव्हती.

त्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी फुलांना गेली होती. देवळाच्या वळणावर फूलवाली बसते, मोगरा हातावर मोजून देते, कोपरापासून बोटांपर्यंत एक मोळ. अंबुबाई पिशवी काखेत मारून उभी राहिली.

“दोन मोळ दे. आणि हात सरळ कर, कोपर वाकवतेस तू.”

“अक्का, माझा हात देवानं आखूड केलाय, मी काय करू?”

“मग देवाला सांगून जास्त घाल.”

फूलवालीने माळ मोजली, तोडली, आणि वर चार सुटी फुलं टाकली. अंबुबाईने एक उचलून वास घेतला, कालची आहेत म्हणाली, नाहीत म्हटल्यावर सरी, म्हणजे बरं, म्हणाली. परतताना देवळाच्या कठड्याला हात लावून दम घेतला, दुधाच्या बूथवरून दह्याची पिशवी घेतली आणि जिना चढली. एक मोळ देवांना घातली. दुसरी सुखदाच्या केसांसाठी, संध्याकाळी ती ऑफिसातून आली की. ती ओल्या फडक्यात सैल गुंडाळून फ्रिजच्या दारात ठेवली, वर दही ठेवू नकोस म्हणून अभिराजला ओरडून सांगितलं, आणि हात पुसत कुकर लावायला गेली.